आधी हाक कोणाची

कॉम्बवेल गावात जेंकिन लस्कमला कोणी वाईट म्हणत नसे, आणि चांगलंही म्हणत नसे. डार्ट नदी समुद्राला मिळते त्याच्या जरा अलीकडे, उतारावर वसलेलं ते गाव. तिथं बोलणं निघायचं ते ॲम्ब्रोझ विजरचं. जेंकिनचा विषय निघालाच तर 'ॲम्ब्रोझबरोबर असतो तो' असा निघायचा. हे शब्द जेंकिननं लोहाराच्या भात्यापाशी ऐकले होते, चर्चच्या दारात ऐकले होते, आणि एकदा तर खुद्द सासूच्या तोंडून ऐकले होते.

दोघंही दोर वळणाऱ्यांच्या गल्लीत वाढले. जेंकिन दोन-तीन वर्षांनी मोठा. ॲम्ब्रोझला पहिली गाठ त्यानं शिकवली, डोलकाठीवर पहिल्यांदा चढताना त्याची टाच खालून त्यानं धरली. दोघं न्यूफाउंडलंडच्या कॉड मासेमारीला गेले तेव्हा ॲम्ब्रोझ अख्खी वाट ओकत होता, आणि वादळात जेंकिननं त्याचा कमरेचा पट्टा मुठीत धरून ठेवला म्हणून तो समुद्रात गेला नाही. बंदरात उतरल्यावर मात्र त्याच ॲम्ब्रोझच्या तोंडून वादळ ऐकायला अर्धं गाव जमलं. लाटा होत्या, फाटलेलं शीड होतं, विजा होत्या. पट्टा नव्हता.

"आणि तू काय करत होतास रे, जेंकिन?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

जेंकिननं तोंड उघडलं. त्याचे शब्द जुळेपर्यंत ॲम्ब्रोझच म्हणाला, "जेंकिन होता म्हणून मी आहे, बाबांनो!"

लोक ओरडले, दोघांच्याही पाठीवर थापा पडल्या. जेंकिनच्या डोक्यात राहिलं ते वेगळंच. आपलं कौतुकसुद्धा ॲम्ब्रोझच्या तोंडून बाहेर पडल्याशिवाय खरं होत नाही, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं आणि मग कधी विसरता आलं नाही.

पुढं काही वर्षांनी शिंगाची गोष्ट झाली. दोघं एका मोठ्या जहाजावर खलाशी होते. वादळानं जहाज फार उत्तरेला नेलं, आणि गोडं पाणी शोधायला होडी किनाऱ्यावर गेली. वाळूत पुरलेली, माणसाएवढ्या उंचीची, पीळ पडलेली पांढरी काठी आधी जेंकिनला दिसली.

"कुणाची तरी मोडकी डोलकाठी दिसते," तो म्हणाला. "घ्या सरपणाला."

ॲम्ब्रोझनं ती उचलली, बाहीनं पुसली, उन्हात धरली. "सरपणाला? अरे लेका, हे एकशिंगी घोड्याचं शिंग आहे!"

एकशिंगी घोडा चीनकडच्या मुलखात असतो, हे डेव्हनमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत होतं. म्हणजे चीनला जायची समुद्रवाट तिथंच कुठंतरी जवळ असणार. ॲम्ब्रोझ ते शिंग मखमलीत गुंडाळून एक्सिटरच्या व्यापाऱ्यांकडे घेऊन गेला. त्यांनी वर्षभर ते हाताळलं, हुंगलं, एकमेकांना दाखवलं, आणि शेवटी ती वाट शोधायला दोन जहाजं द्यायचं कबूल केलं. मोठ्या 'प्रूडन्स'वर आणि सगळ्या मोहिमेवर कप्तान ॲम्ब्रोझ विजर.

जेंकिनची बायको थॉमसिन वाटाणे निवडत होती. ती म्हणाली, "शिंग दिसलं तुम्हाला, आणि नाव झालं त्याचं. उद्या स्वर्गाचं दार दिसलं तरी गोठ्याची फळी म्हणून सोडून द्याल तुम्ही."

"मला काय ठाऊक, शिंग आहे ते."

"त्याला तरी काय ठाऊक होतं? पण तो बोलला ना."

दोन दिवसांनी ॲम्ब्रोझ स्वतः दारात आला. अंगात नवा निळा डगला, चेहरा लग्नघरच्या माणसासारखा. "जेंकिन, दुसरं जहाज तुझं. 'स्पॅरो'. मी त्यांना ठणकावून सांगितलं, जेंकिन नसेल तर मीही नाही."

"उपकार झाले," जेंकिन म्हणाला.

"उपकार कसले? तू नसलास तर मी पहिल्याच वाऱ्याला ओकत बसेन." ॲम्ब्रोझ मोकळं हसला, थॉमसिननं दिलेली सफरचंदाची दारू एका घोटात संपवली आणि गेला.

दार लागलं तशी थॉमसिन म्हणाली, "त्याला एवढं मोठं गलबत, आणि तुम्हाला चिमणी."

"चिमणीही उडते."

"उडते की. कावळ्याच्या मागून."

जेंकिननं त्या दिवशी जेवण अर्धवट टाकलं. ॲम्ब्रोझ वाईट असता तर किती बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. वाईट माणसाचा राग येतो, आणि राग आला की जेवण जातं घशाखाली. हा माणूस देत होता, सारखा देत होता, आणि त्याच्या प्रत्येक देण्याला जेंकिनला 'उपकार झाले' म्हणावं लागत होतं.

निघायच्या आदल्या दिवशी दोन्ही जहाजांच्या माणसांना मोहिमेचे नियम मोठ्यानं वाचून दाखवले गेले. जुनेच नियम होते, सगळ्या ताफ्यांत चालत असत. लहान जहाजानं रोज सकाळी मोठ्या जहाजाजवळ जायचं, वाऱ्याआडच्या बाजूला राहायचं, वरचं शीड मान म्हणून खाली करायचं आणि हाक घालायची. धुक्यात जहाजं दिसेनाशी झाली तर खुणेचे शब्द. आधी लहान जहाजानं ओरडायचं, "अंधाराआधी कोण?" मोठ्यानं उत्तर द्यायचं, "ज्यानं उजेड केला, तो." जो उत्तर देणार नाही तो परका, स्पॅनिश नाहीतर समुद्रावरचा चाचा समजायचा, आणि त्याच्यापासून दूर वळायचं.

आधी हाक लहानाची. वाचणाऱ्यानं हे वाक्य काही वेगळ्या आवाजात वाचलं नव्हतं, तरी जेंकिनच्या कानाला ते तसं लागलं.

मग रोज सकाळी तेच. कप्पी करकरायची, 'स्पॅरो'चं शीड सरकत खाली यायचं, आणि जेंकिन, ज्यानं ॲम्ब्रोझला गाठ मारायला शिकवली तो जेंकिन, मान वर करून हाक घालायचा. वरून कठड्यावर कोपरं टेकून निळा डगला हसायचा. "काय जेंकिन, झोप झाली का? चिमणीला दाणे पुरताहेत ना?"

दोन्ही जहाजांवर हशा पिकायचा. 'स्पॅरो'चा तांडेल पेंटीकॉस्ट डॉडही हसायचा. पेंटी म्हणत त्याला. त्याचा धाकटा भाऊ 'प्रूडन्स'वर होता आणि दोघं भाऊ या सकाळच्या भेटीची वाट पाहत, एकमेकांना शिव्या देऊन घेत. जेंकिन हसणाऱ्यांचे चेहरे लक्षात ठेवायचा. पेंटीचाही ठेवला.

उत्तरेला बर्फाचा मुलूख लागला तेव्हा ॲम्ब्रोझनं टेकड्यांना, खाड्यांना नावं द्यायला सुरुवात केली. एका भूशिराला एक्सिटरच्या मुख्य व्यापाऱ्याचं नाव, एका सुरेख खाडीला बायको विल्मटचं. मग एक दिवस त्यानं कर्ण्यातून ओरडून सांगितलं, "जेंकिन, तो बघ, समोर! तो तुझा! लस्कमचा खडक!"

तो खडक होता. पाण्यातून जेमतेम वर आलेला, पक्ष्यांच्या शिटेनं पांढरा पडलेला.

"चांगला आहे की," पेंटी म्हणाला. "आडोसा आहे, मागं नांगर टाकायला जागा आहे. खलाशाला अजून काय हवं?"

"तुला देऊन टाकतो," जेंकिन म्हणाला, आणि पेंटीला ती थट्टा वाटली.

धुकं आलं ते सकाळच्या प्रहरी, वारा पडल्यावर. आधी 'प्रूडन्स'च्या डोलकाठीचं टोक गेलं, मग शीड, मग सगळंच. 'स्पॅरो'वरच्या माणसांना आपल्याच जहाजाचं पुढचं टोक दिसेना. बर्फ आसपास होता, त्याचा वास येत होता, आणि मधूनच मोठ्या जनावरानं कूस बदलावी तसा त्याचा आवाज. तळात पाणी झिरपत होतं म्हणून पंप चालू होता, खडखड, खडखड. बराच वेळ तसा गेला. मग उजव्या हाताला, फार लांब नाही, ढोल वाजला.

"'प्रूडन्स'चा ढोल!" पेंटीचा चेहरा खुलला. "हाक घालू, कप्तान?"

"थांब."

ढोल थांबला. म्हणजे ते कान देऊन ऐकत होते. नियमानं आता जेंकिननं ओरडायचं होतं. रोजच्यासारखं, मान वर करून. फक्त इथं मान वर करायला कठडा नव्हता, निळा डगला नव्हता, कोण उंच आणि कोण बुटकं हे दाखवणारं काहीच नव्हतं. धुक्यात दोन जहाजं सारखीच होती. जेंकिनच्या मनात आलं, एकदा, फक्त एकदा, ॲम्ब्रोझनं आधी हाक घालावी.

"पंप थांबवा," तो म्हणाला.

पंप थांबला. माणसं कप्तानाच्या तोंडाकडे पाहू लागली. कप्तानाला काहीतरी कळतंय, बर्फाचं किंवा प्रवाहाचं, असं त्यांना वाटलं. कोणी शिंकलंसुद्धा नाही.

आणि मग धुक्यातून आवाज आला. कर्ण्यातून, जरा घोगरा, पण शंकाच नको असा. "अंधाराआधी कोण?"

ॲम्ब्रोझ विजरनं आधी हाक घातली होती. मोठ्या जहाजानं लहान जहाजाचे शब्द उच्चारले होते. जेंकिनच्या अंगावरून उबदार लहर गेली. इतक्या वर्षांत दारूनं, बायकोनं, बंदर दिसल्यावर झालेल्या आनंदानंही त्याला असं वाटलं नव्हतं. पेंटी उत्तर द्यायला छाती भरून घेत होता. जेंकिननं हात वर करून त्याला अडवलं. उत्तर जिभेवर तयार होतं. द्यायचंच होतं. पण आणखी एकदा. आणखी एकदा त्यानं म्हणावं, जरा मोठ्यानं, विनवणीच्या सुरात म्हणावं, मग देऊ.

दुसरी हाक आली नाही.

पाण्याचा सपसप आवाज आला. जहाज ओढायला उतरवलेल्या होड्यांची वल्ही पडली होती. कोणीतरी हुकूम देत होतं, शब्द कळत नव्हते. आवाज उजवीकडून मागं गेला, मग आणखी मागं.

"ज्यानं उजेड केला, तो!" जेंकिन ओरडला. मग पेंटी ओरडला, मग सगळेच ओरडले, घंटा वाजवली, तोफ उडवली. लांबून एक दणका ऐकू आला. तो उलट तोफेचा होता की बर्फ फुटल्याचा, यावर पुढं त्या माणसांत बरेच दिवस वाद चालले.

धुकं विरलं तेव्हा समोर नुसता बर्फ होता, क्षितिजापर्यंत. पिठाच्या गोण्या संपत आल्या तोवर 'स्पॅरो'नं शोध घेतला, आणि मग ती घराकडे वळली.

धक्क्यावर विल्मट विजर उभी होती. जेंकिननं टोपी काढली. "धुकं होतं, वहिनी. फार दाट धुकं." यात खोटं काहीच नव्हतं. पेंटी त्याच्या शेजारी उभा होता, भावाची पेटी खांद्यावर घेतलेला. ती पेटी कशीतरी 'स्पॅरो'वर राहिली होती. धुक्यातली ती हाक त्यानं किंवा 'स्पॅरो'वरच्या कोणीच गावात सांगितली नाही; कप्तानानं बर्फाचं काही ओळखूनच थांबवलं असेल, असं त्यांनी धरलं होतं.

त्या शरदात जेंकिनला लोक ओळखायला लागले. जहाज परत आणणारा कप्तान म्हणून एक्सिटरला बोलावणं आलं, पुढच्या उन्हाळ्याची मोहीम तुम्हीच न्या असं सुचवलं गेलं. चर्चमध्ये पुढच्या बाकावर जागा मिळाली. थॉमसिननं स्वतःसाठी नवी कॉलर शिवली. जेंकिनला झोप येत नसे, पण सकाळी बाहेर पडलं की कोणीतरी आधी नमस्कार करी, आणि त्यावर दिवस निभून जाई.

मग न्यूफाउंडलंडहून मासे भरून आलेल्या एका जहाजातून ॲम्ब्रोझ विजर उतरला.

तो आणि 'प्रूडन्स'ची निम्मी माणसं. बर्फानं जहाज चिरडलं, होड्यांतून ते दक्षिणेला आले आणि कॉडवाल्यांच्या हाती लागले. ॲम्ब्रोझच्या एका पायाची बोटं गेली होती. पेंटीचा भाऊ नव्हता. धक्क्यावर ॲम्ब्रोझला बघून जेंकिनच्या छातीवरचा दगड उतरला, खरोखर उतरला, त्याचे डोळे भरून आले. तेवढ्यात सगळं गाव ॲम्ब्रोझकडे धावलं. आधी नमस्कार करणारेही धावले. जेंकिनचे डोळे जागच्या जागी कोरडे झाले.

रविवारी प्रार्थना संपल्यावर सगळे खानावळीत जमले. ॲम्ब्रोझ काठीवर भार देऊन उभा राहिला. या खेपेला लाटा नव्हत्या, विजा नव्हत्या.

"चूक माझी झाली," तो म्हणाला. "धुक्यात मला पंप ऐकू आला. मला वाटलं, जेंकिन आहे. आधी हाक मी घालायची नसते, नियम आहे, पण राहवलं नाही. मी हाक घातली आणि उत्तर आलं नाही. पंपही ऐकू येईना. मग मी घाबरलो. म्हटलं, हा परका. आणि वळलो, सरळ बर्फात. नंतर होडीत बसून विचार केला. तिथं कोणी नव्हतंच. बर्फ करकरला असेल. मी बर्फाला हाक मारली, आणि बर्फाला भिऊन माणसं मारली." त्यानं पेंटीकडे पाहिलं. "तुझा भाऊ माझ्यामुळे गेला, पेंटी. एक्सिटरला मी तसंच सांगितलं आहे. आता जहाज जेंकिननं न्यावं. माझ्यापेक्षा तो शहाणा खलाशी आहे, पहिल्यापासून होता."

हाक आपणही ऐकली होती हे पेंटीच्या जिभेवर आलं, पण सांगायची लाज वाटली. तो उठला, ॲम्ब्रोझजवळ गेला आणि त्यानं त्याला मिठी मारली. खानावळीतली सगळी माणसं रडत होती. मालकीण हातात दारूचं भांडं घेऊन तशीच उभी होती. असं कोणी कोणासाठी रडलेलं जेंकिननं कधी पाहिलं नव्हतं.

त्याला गप्प बसायचं होतं. बस, एवढंच. गप्प बसलं की मोहीम त्याची, जहाज त्याचं, आणि हाक घालायला लागणार दुसऱ्या कोणाला तरी. पण तो त्या मिठीकडे बघत राहिला आणि त्याचा तिळपापड झाला. ही चूक माझी आहे. आयुष्यात एक गोष्ट मी स्वतः केली, पूर्ण माझी, आणि तीही हा उचलून घेऊन चालला. तिच्यावरही लोक याच्यासाठीच रडताहेत.

"बर्फ नव्हता तो," जेंकिन म्हणाला.

थॉमसिननं त्याची बाही धरली. "बसा खाली."

"बर्फ नव्हता. मी होतो. पंप मी थांबवला. हाक मी ऐकली, ॲम्ब्रोझ. स्वच्छ ऐकली."

ॲम्ब्रोझला आधी कळलंच नाही. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं, जवळजवळ हसू यावं तसं. "म्हणजे मी ऐकलं ते खरं होतं? मला वेड नव्हतं लागलं?"

"नव्हतं."

"मग उत्तर का नाही दिलंस?"

आता सगळी खानावळ जेंकिनकडे बघत होती. इतकी माणसं त्याचं बोलणं ऐकायला कधी थांबली नव्हती.

"तू आधी हाक घातलीस," तो म्हणाला. "मला आणखी एकदा ऐकायची होती."

ॲम्ब्रोझचं तोंड उघडं होतं, आणि त्यातून, पहिल्यांदाच, एकही शब्द निघत नव्हता. पेंटी हळूहळू वळला.

"तुम्ही हसत होतात," तो म्हणाला. "हात वर करून हसत होतात. मी बघितलं. मला वाटलं, सापडले म्हणून हसताय."

"पेंटी..."

"मी छाती भरून घेतली होती, कप्तान. एक शब्द. मी तरी ओरडायला हवं होतं तुमचा हात झुगारून." तो जेंकिनसमोर येऊन उभा राहिला. मारेल असं वाटलं, जेंकिनला ते चाललं असतं, त्यानं हातही आडवे घेतले नाहीत. पण पेंटीनं फक्त टोपी उचलली आणि तो बाहेर पडला.

ॲम्ब्रोझ त्याच्या मागून निघाला, काठी टेकत. दाराशी क्षणभर थांबला. जेंकिनला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार, क्षमा करणार, आणि क्षमा केली तर ती सोसायची नाही असं त्यानं मनाशी ठरवलंही. ॲम्ब्रोझनं त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत देण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. तो गेला. त्याच्या मागून लोहार गेला, मग बाकीचे, एकेक करून, बाकं मागं सारत. मालकीण आत निघून गेली.

मोहीम दुसऱ्याच कोणाकडे गेली, आणि जेंकिनला पुढं मरेपर्यंत कोणी होडीसुद्धा दिली नाही. त्या दुपारी मात्र त्याच्या मनात यातलं काही नव्हतं. खिडकीतून उतारावरची ती सगळी गर्दी दिसत होती, काठीच्या चालीनं सावकाश खाली जाणारी, आणि तो बघत होता की त्यातलं कोणी मागं वळतंय का.

"सगळे त्याच्याच मागून गेले," तो म्हणाला.

थॉमसिननं त्याच्या पुढ्यातला प्याला ओढला, उरलेली दारू स्वतः पिऊन टाकली आणि नवी कॉलर गळ्यातून काढून खिशात कोंबली.

"उठा," ती म्हणाली. "मागच्या वाटेनं जाऊ."